गोष्ट ऐकायची कशी?
आपलं नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झालं १९४८ साली. माझ्या लहानपणी श्रुतिका लागली की आईची भांडी तशीच राहायची. मधेच कुणी दार वाजवलं, तर तेवढी गोष्ट गेलीच. मग कॅसेट आली, साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. पण गोष्ट थांबवता येऊ लागली, हे बायकांना केवढं मोलाचं!

दोन वर्षांपासून मला बारीक अक्षर दिसत नाही. वाचनालयाची वर्गणी बंद केली, त्या दिवशी जेवण गेलं नाही. नातीने मोबाईलवर मराठी पुस्तक लावून दिलं. एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही. वेगही कमी करता येतो.

अडचण एकच. बटणंच दिसत नसतील तर? बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘टॉकबॅक’ असतं. बोट ठेवलं की फोन बटणाचं नाव बोलतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. पहिल्यांदा मात्र घरातलं कुणी जवळ बसवा. एका टिचकीची सवय मोडायला मला आठ दिवस लागले.