हापशाची साखळी सोलापूरची!

बेंबळी : गावचा हापसा दिवसभर चालतो, तरी टिकतो. हे त्याच्या डिझाइनमुळं. पूर्वीचे बिडाचे पंप एका कुटुंबापुरते बनवलेले. अख्खं गाव हापसायला लागलं की मोडायचे. मग आपल्या शेजारच्या सोलापुरात पोलादी पंप तयार झाला. त्यात दांड्याला साखळी होती, त्यामुळे आतला रॉड सरळ वर-खाली होतो. त्याच धर्तीवर १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' हातपंप आला. त्याचा दांडा मुद्दाम जड ठेवलाय. त्या वजनाने आतल्या रॉडचा भार तोलला जातो, म्हणून खोल बोअरचं पाणी पोरंही काढतात. पण साखळी कोरडी पडली की डिझाइन काय करणार? उन्हाळ्याआधी साखळीला ग्रीस लावा, नट आवळून घ्या. टंचाईत हापसा बंद पडायला नको.