पिवळ्या भिंतीत शिसे तर नाही?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भिंतीचा ओळखीचा रंग गेरूचा. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, त्यावर गेरू आणि तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींनी जपलेली ही कला गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेली. आता अनेक ठिकाणी कुडाच्या जागी विटा-सिमेंट आले आहे. घरकुल उभे राहिले की हौसेने रंग येतो आणि हळदीची आठवण करून देणारा पिवळा अनेकांना भावतो.

पिवळ्याची ऊब असते ती डोळ्यांपुरतीच. थर्मामीटरचा पारा त्याने हलत नाही. फिकट पिवळा मात्र बराच प्रकाश परतवतो, त्यामुळे लहान खिडकीची खोलीही उजळ वाटते. तेव्हा काळजी छटेची नाही. ती छटा कशाने आली, याची आहे.

पूर्वी चुन्यात पिवडी कालवत. पिवडी आणि गेरू ही सख्खी भावंडे, दोन्हींत लोहाचे ऑक्साइड. पिवडीत पाण्याचा अंश असतो. ती तापवली की तो निघून जातो आणि माती लाल होते. दोन्ही रंग भिंतीवर निरुपद्रवी.

चकचकीत पिवळ्या ऑइल पेंटचा इतिहास निराळा. त्यात दीर्घकाळ लेड क्रोमेट, म्हणजे शिसे आणि क्रोमियम यांचे संयुग वापरले गेले. झळाळी उत्तम, किंमत कमी आणि दुष्परिणाम लगेच दिसत नाहीत. म्हणूनच तपासण्यांमध्ये पिवळ्या, केशरी आणि लाल ऑइल पेंटमध्ये शिसे जास्त आढळत आले. पाण्यात कालवायच्या डिस्टेंपर व इमल्शनमध्ये हा धोका बराच कमी. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला. त्याआधीचे थर मात्र जुन्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर आणि भिंतींवर अजून आहेत.

समुद्राकाठच्या दमट हवेत रंगाला पोपडे लवकर सुटतात. रांगणारे मूल ते उचलते, धुळीचा हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते. ते हाडांत साठते, रक्त कमी करते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. ही इजा भरून येत नाही. शरीरात लोह कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते. रक्तक्षय आणि कुपोषण हे पालघरच्या आदिवासी भागाचे जुने दुखणे, म्हणून इथे ही गोष्ट जास्त गंभीर. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रंग घेताना डब्यावर शिशाचे प्रमाण वाचावे. यंत्रांसाठीचा उरलेला रंग स्वस्तात मिळाला तरी घरात लावू नये. जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने घासावा. काम चालू असताना गरोदर बाई आणि मुले दुसऱ्या घरी राहिलेली बरी. नंतर फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. मुलाने पोपडे खाल्ल्याची शंका असेल तर डॉक्टरांना रक्तातील शिशाच्या तपासणीबद्दल विचारावे. आणि हो, रंगवलेली जुनी चौकट चुलीत घालू नये: लाकूड जळते, शिसे धुरात आणि राखेत उरते. तीच राख मग भांडी घासायला घेतली जाते.