सहा महिने ठणठणीत असलेलं बाळ अचानक का रडतं?

आमच्या मानोऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत, विदर्भात 'सिकलसेल' हा शब्द नवा नाही. पण एक गोष्ट बघा. रक्ताच्या या आजाराचा दोष जन्मापासूनच असतो, तरी बाळ पहिले पाच-सहा महिने सहसा ठणठणीत असतं. मग एक दिवस हातापायाची बोटं सुजतात, बाळ हात लावू देत नाही. असं का?

पोटातल्या बाळाचं रक्त आधी मुख्यतः यकृतात तयार होतं, नंतर हाडांच्या मगजात. त्याचं हिमोग्लोबिनही वेगळं, गॅमा जनुकाचं. जन्माच्या सुमारास बीसीएल-११ए नावाचं प्रथिन गॅमाचं बटण हळूहळू बंद करतं आणि बीटा जनुक कामाला लागतं. सिकलसेलचा दोष नेमका बीटातच! लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात.

मग गॅमाचं बटण पुन्हा सुरू केलं तर? हायड्रॉक्सियुरिया हे औषध गॅमाचं हिमोग्लोबिन वाढवतं. २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिलेला 'कॅसजेव्ही' उपचार रुग्णाच्याच मूळपेशींत बीसीएल-११एचा जोर कमी करतो. बीटातला दोष तसाच राहतो, बरं का!

लग्नाआधी पत्रिका बघता, तशी सिकलसेलची तपासणीही करा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराचा धोका २५ टक्के.

#सिकलसेल #मानोरा