नव्या रॉडवर रीळ हलते? आधी कुठे हलते ते पाहा

सातारा-सांगलीला समुद्र नाही, पण समुद्राची ओढ आहे. सुटी लागली की कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-गुहागरला किंवा सांगलीहून आंबा घाटाने रत्नागिरीला जाणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. कोणाची फुफी तिकडे दिलेली असते, कोणाचे मामू तिकडेच स्थायिक झालेले असतात. अलीकडे या प्रवासात सामानाबरोबर एक लांब पिशवीही दिसू लागली आहे. किनाऱ्यावर उभे राहून लाटांच्या पलीकडे गळ फेकायचा 10 ते 13 फुटी रॉड तिच्यात असतो.

हा रॉड घरी आला, रीळ बसवले, नट आवळला आणि तरी रीळ डुगडुगते, अशी तक्रार आम्ही बऱ्याच घरांतून ऐकतो. तक्रार लहान वाटते, पण लहान नाही. किनाऱ्यावरचा गळ दूर जावा म्हणून त्याला जड शिसे लावलेले असते. पूर्ण ताकदीने फेकताना रीळ सुटले तर ते बोटावर आदळते, तंगूस हाताला कापते आणि शिसे भलतीकडे उडते. मागे मुले उभी असतील तर काय होईल, हे सांगायला नको.

आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाने पहिल्या पगारातून अब्बांसाठी असा रॉड आणला. अब्बा नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले. रीळ हलते हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले, पण मुलाचे मन मोडू नये म्हणून ते गप्प राहिले. रॉड कपाटामागे गेला. मुलाला वाटले, अब्बांना आवडला नाही. दोघेही आपापल्या जागी हिरमुसले. शेवटी अम्मींनी आम्हाला विचारले, तेव्हा कारण निघाले ते एवढेसे: रिळाचा पाय बारीक होता आणि रॉडवरची जागा मोठ्या रिळासाठी होती.

बहुतेक वेळा असेच असते. किनाऱ्याचे रॉड मोठ्या रिळांचा विचार करून बनतात. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिळांचे पाय जाडीला आणि लांबीला सारखे नसतात. रॉड एका कंपनीचा, रीळ दुसऱ्या कंपनीचे, मग फट राहते. यात रॉडही खराब नाही आणि रीळही नाही.

म्हणून दुरुस्तीआधी निदान. रॉड मांडीवर आडवा घ्या, एका हाताने मूठ धरा, दुसऱ्या हाताने रीळ हलवा आणि नीट पाहा. तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

पहिली, पाय टोपीत पूर्ण शिरलेलाच नाही. रॉडवर पायाची दोन टोके धरणाऱ्या दोन टोप्या असतात, एक पक्की आणि एक नटाबरोबर सरकणारी. नट सोडा, पाय पक्क्या टोपीत शेवटपर्यंत ढकला आणि पुन्हा हातानेच आवळा. आट्यांत वाळू असेल तर जुन्या टूथब्रशने आणि गोड्या पाण्याने काढा. पक्कड लावू नका, प्लॅस्टिकची जागा तडकते.

दुसरी, पाय नीट बसला आहे पण टोपीत किंवा खाली फट आहे. याला घरचा उपाय आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबची पायाच्या रुंदीएवढी पट्टी कापून पायाखाली ठेवा. फट टोपीत असेल तर पायाच्या टोकांना वायरमन वापरतात ती चिकटपट्टी एक वेढा द्या. बसवून पाहा, कमी पडले तर आणखी एक वेढा. एकदम चार वेढे दिले तर पाय टोपीत शिरणारच नाही. कागद, पुठ्ठा किंवा कापड घालू नका. कागद-पुठ्ठा भिजून लगदा होतो, कापड पाणी धरून ठेवते.

तिसरी, रीळ जागेत घट्ट आहे, पण ती जागाच रॉडभोवती फिरते. म्हणजे आतला गोंद सुटला आहे किंवा नीट लागलाच नव्हता. नव्या रॉडवर हे दिसले तर हात लावू नका. हा मालाचा दोष आहे. बिल घेऊन दुकानात जा आणि बदलून मागा. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणूनच भेट दिलेल्या वस्तूतला दोष मनात ठेवू नये. आठवडे गेले की बिल हरवते आणि बदलून देण्याची मुदतही जाते.

या तिन्ही अवस्थांत एक मोह होतो, झटपट चिकटणारा गोंद ओतायचा. तो टाळा. असा गोंद कडक आणि ठिसूळ असतो, झटक्यांनी सुटतो. पक्का बसला तर आणखी पंचाईत, कारण खारे पाणी लागलेले रीळ प्रत्येक वेळी काढून धुवावे लागते. शिवाय गोंद लावलेला रॉड दुकानदार परत घेणार नाही.

मिरजेत शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात सतारी बनवायला सुरुवात केली. त्यांच्या हातच्या सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीची खुंटी घसरू लागली तर वादक तिला गोंद लावत नाहीत, खडू चोळतात. खुंटी धरली पाहिजे आणि फिरलीही पाहिजे. रिळाचेही तसेच आहे, घट्ट बसले पाहिजे आणि हवे तेव्हा निघालेही पाहिजे.

काम झाल्यावर नट आणि जागा यांवरून पेनाने एक सरळ रेघ ओढा. मोकळ्या मैदानात गळ न लावता फक्त शिसे बांधून, मागे-पुढे कोणी नाही हे पाहून दहा वेळा फेका. रेघ जुळलेली राहिली तर काम पक्के. सरकली तर पट्टी पुन्हा घाला.

मैदान निवडताना वर पाहा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना तो उभा धरणे जिवावर बेतू शकते. हाच रॉड कृष्णेवर न्यायचा विचार असेल, तर सांगली जिल्ह्यात नदीत मगरी आहेत, हे मुलांना आधी सांगा. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला काठाच्या पाण्यात पाय सोडून बसू देऊ नका. पावसाळ्यात नदी चढत असताना तर काठावर जाऊच नका, 2019 चा महापूर आपण सर्वांनी पाहिला आहे.

त्या घरातला रॉड सायकलच्या ट्यूबच्या एका पट्टीने ठीक झाला. पट्टी मुलानेच कापली, अब्बांनी नट आवळला. तुमच्या घरातही एखादा रॉड कपाटामागे पडला असेल तर या रविवारी तो बाहेर काढा आणि रीळ कुठे हलते ते पाहा.