काटा बिनतारी करण्याचा दिवस

सकाळी 8
वजनकाट्यांची दुरुस्ती हा माझा धंदा. आज कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानाचं काम आहे. काटा दारात, संगणक आत दिवाणजींच्या खोलीत. मधल्या वाटेवरून दिवसभर हातगाड्या फिरतात आणि काट्याची केबल दर हंगामात तुटते. तिच्या जागी ब्लूटूथ सीरियल अडॅप्टरची जोडी बसवायची आहे. दोन्हींत आरएन-41 मॉड्यूल आहे. हे क्लास 1 चं असल्याने मोकळ्या जागेत 100 मीटरपर्यंत पोचतं. मधे गुळाच्या रव्यांची थप्पी असली तरी पल्ला पुरावा, म्हणून कमी पल्ल्याचं आरएन-42 घेतलं नाही.

सकाळी 9
बसवायला दहा मिनिटं लागतात. खरं काम सेटिंगचं, आणि ते माझ्या टेबलावरच उरकतो. अडॅप्टर लॅपटॉपला जोडून टर्मिनल उघडतो आणि डॉलरची तीन चिन्हं टाइप करतो. त्यानंतर एंटर दाबायचं नाही; पुष्कळजण इथेच अडकतात. 'सीएमडी' असं उत्तर आलं की कमांड मोड सुरू. पुढच्या प्रत्येक आज्ञेनंतर मात्र एंटर लागतं, आणि ती मान्य झाली की 'एओके' येतं. काट्याकडून मजकूर 9600 बॉडने येतो, तोच वेग दोन्हींना देतो.

सकाळी 10
आता कोणी कोणाला हाक मारायची ते ठरवायचं. आज्ञा एसएम. शून्य म्हणजे स्लेव्ह: स्वतः कोणाला जोडत नाही, हाक आली की उत्तर देतो. तो मोड काट्याकडच्या अडॅप्टरला. संगणकाकडच्याला तीन, म्हणजे ऑटो-कनेक्ट मास्टर. वीज आली की तो साठवलेल्या पत्त्यावर आपणहून जोडतो आणि जोड तुटली तर पुन्हा प्रयत्न करतो. दिवाणजींना कुठलंही बटण दाबावं लागू नये, म्हणून हा मोड. एसआर आज्ञेने दोन्हींना एकमेकांचा बारा अंकी-अक्षरी पत्ता देतो.

सकाळी 11
सुरक्षेला मी सर्वांत जास्त वेळ देतो. केबल असताना काट्याशी बोलायचं तर केबलपर्यंत यावं लागे. आता शेजारच्या गाळ्यातूनही ते जमू शकतं. काट्याचा आकडा दाखवणारे पुष्कळ इंडिकेटर सीरियल पोर्टवरून शून्य करण्याची किंवा टेअरची, म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन वगळण्याची, आज्ञा घेतात. त्या वजनावर शेतकऱ्याची पट्टी बनते.

म्हणून एसआय शून्य करून काट्याकडचा अडॅप्टर शोधयादीतून काढतो. पत्ता माहीत असलेला तरीही हाक मारू शकतो, तेव्हा एसएक्स एक: साठवलेल्या पत्त्याशिवाय कोणाची जोड घ्यायची नाही. पत्त्याचीही नक्कल होते, म्हणून पिन हवाच. एसए चार करून पिनची सक्ती करतो आणि कारखान्यातून आलेला 1234 बदलतो. ब्लूटूथमध्ये पिन 16 अक्षरांपर्यंत चालतो. मी अंक-अक्षरं मिसळून लांब ठेवतो. यानिव्ह शाकेद आणि अविशाय वूल या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिलं होतं, की पेअरिंग चालू असताना हवेतला संवाद टिपला तर चार अंकी पिन साध्या संगणकावर सेकंदाच्या आत निघतो. पेअरिंगही त्याच कारणाने इथे, वर्कशॉपमध्येच करून घेतो, बाजारात नाही.

शेवटची आज्ञा एसटी शून्य. हे अडॅप्टर चालू झाल्यावर पहिली 60 सेकंदं ब्लूटूथवरूनही कमांड मोडमध्ये जाऊ देतात. ती वाट बंद केली नाही तर एकदा जोडलेला माणूस सगळी सेटिंग बदलू शकतो.

दुपारी 1
यार्डात पोचतो. अडॅप्टर इंडिकेटरच्या बाहेरच्या आरएस-232 पोर्टला लावतो. वैधमापन खात्याच्या सीलला हात लावायची गरज नसते आणि लावायचाही नसतो.

दुपारी 3
चाचणी. 20 किलोचं प्रमाणित वजन ठेवतो. काट्यावरचा आणि पडद्यावरचा आकडा एकच. मग काट्याची वीज घालवून परत आणतो. जोड आपोआप लागते. मोबाईलवर शोध घेतो. काट्याकडचा अडॅप्टर दिसत नाही. शेवटी मोबाईलमधून पत्ता देऊन जोडायचा प्रयत्न करतो, तो नाकारला जातो. हे पाहिल्याशिवाय काम पुरं झालं असं मी म्हणत नाही.

संध्याकाळी 5
"साहेब, पिन भिंतीवर लिहून ठेवू का?" दिवाणजी विचारतात.

"नको. रोज तो लागणारच नाही. पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. अडॅप्टर बदलायची वेळ आली तरच उघडा."

पाकिटात पिनबरोबर दोन्ही पत्ते, बॉडचा वेग आणि मोडचे आकडे लिहिलेला कागद ठेवतो. पुढे दुसरा कारागीर आला तरी त्याला अंदाजाने चाचपडावं लागू नये.

तुमच्या दुकानात, गोदामात किंवा कारखान्यात असा अडॅप्टर असेल, तर त्याचा पिन अजून 1234 आहे का ते बसवणाऱ्याला आजच विचारा. असेल तर तो बदलून घ्या आणि दुरून सेटिंग बदलण्याची वाट बंद करून घ्या.