छोट्या पडद्याची घडण, लेखांक ७ : समोरच्याला बोलतं करणारा ग्राउचो

मागच्या लेखांकात अमेरिकन रेडिओवरचे कार्यक्रम १९५० च्या सुमारास टेलिव्हिजनवर कसे येत गेले, ते पाहिलं. त्या वाटेने आलेल्या कलावंतांपैकी अनेकांची नावं आज तिकडेही फारशी कुणाला आठवत नाहीत. ग्राउचो मार्क्सचं नाव मात्र अजून निघतं, आणि निघालं की त्याच्या हजरजबाबीपणाचं कौतुक होतं. कौतुक रास्तच आहे. पण साध्यासुध्या, अनोळखी माणसाला टीव्हीवर मोकळेपणाने बोलतं करण्याची जी रीत त्याने बसवली, ती मला त्याहून मोठी कामगिरी वाटते. आजचा लेख तिच्याबद्दल आहे.

ग्राउचोचं खरं नाव ज्युलियस हेन्री मार्क्स. जन्म २ ऑक्टोबर १८९० चा, न्यूयॉर्कमधला. वडील अल्सास प्रांतातून आलेले शिंपी. त्यांची शिलाई बेताची आणि कमाईही बेताची. घराचा गाडा ओढला तो आई मिनीच्या जिद्दीने. तिचा भाऊ अल शीन व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नकला, कसरती आणि छोटी प्रहसनं यांच्या मिश्र खेळांत नाव कमावून होता. आपली पोरंही स्टेजवर उभी करायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. ज्युलियसला व्हायचं होतं डॉक्टर. पण शाळाच लहानपणी सुटली. ती उणीव त्याने जन्मभर वाचून भरून काढली. पुढे कवी टी. एस. एलियटशी त्याचा पत्रव्यवहार जमला आणि १९६४ मध्ये लंडनला तो त्यांच्याकडे जेवायलाही गेला.

१९०५ पासून गावोगावचे दौरे सुरू झाले. मुक्काम आज इथे, उद्या तिथे, आणि पैशांची शाश्वती नाही. एका कलावंत मित्राने पत्ते खेळता खेळता भावांना टोपणनावं बहाल केली : चिको, हार्पो, ग्राउचो. १९२४ मध्ये मार्क्स बंधू ब्रॉडवेवर पोचले. तिथली त्यांची दोन नाटकं पुढे चित्रपट झाली. पहिला चित्रपट ‘द कोकोनट्स’ १९२९ चा. त्याचं चित्रीकरण दिवसा चाले आणि रात्री हेच भाऊ दुसऱ्या नाटकाच्या प्रयोगाला उभे राहत. ग्रीजपेंटने रंगवलेली जाड मिशी, चष्मा, सिगार आणि वाकून टाकलेली झपाझप पावलं असा ग्राउचोचा अवतार जगाला तेव्हापासून ठाऊक झाला.

‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा १९३५ चा चित्रपट करताना निर्माता आयर्व्हिंग थॅलबर्ग याने एक शहाणपणाची गोष्ट केली. चित्रीकरणाआधी त्यातले विनोदी प्रवेश घेऊन त्याने सगळ्यांना दौऱ्यावर धाडलं. कुठल्या वाक्याला हशा येतो, तो किती वेळ टिकतो आणि कुठे थिएटर थंड पडतं, याची लेखकांनी नोंद ठेवली. पडेल ते वाक्य गेलं, नाहीतर बदललं. पडद्यावर सहज सुचल्यासारखं वाटणारं बोलणं अशा रीतीने पारखून घेतलेलं होतं. ग्राउचो मुळात या शिस्तीत वाढलेला नट आहे, हे ध्यानात ठेवलं तर टेलिव्हिजनवरचं त्याचं काम नीट उलगडतं.

१९४७ साली तो सत्तावन्न वर्षांचा झाला. भावांचे चित्रपट ओसरत आले होते आणि रेडिओवर त्याचे आधीचे कार्यक्रम टिकले नव्हते. त्या वर्षी रेडिओच्या एका खास कार्यक्रमात विनोदी नट बॉब होपच्या हातून संहिता खाली पडली. ग्राउचोने आपलीही बाजूला टाकली आणि दोघांनी मनाला येईल तशी जुगलबंदी सुरू केली. ते ऐकत असलेल्या जॉन गीडल या निर्मात्याने नेमकं ताडलं की या माणसाच्या हातात कागद देणं हीच चूक होते आहे. त्याने सुचवला एक प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम. प्रश्न नावापुरते, मुख्य काम लोकांशी गप्पा. ऑक्टोबर १९४७ मध्ये ‘यू बेट युवर लाइफ’ रेडिओवर सुरू झाला, १९५० मध्ये टीव्हीवर आला आणि १९६१ पर्यंत चालला.

स्पर्धक जोडीने येत. बहुधा एक पुरुष, एक स्त्री, एकमेकांना अनोळखी. ग्राउचो उंच स्टुलावर बसून चौकशी करी : काय करता, लग्न कसं जमलं, नवरा घोरतो का? रोजच्या वापरातला एक शब्द आधी गुपचूप ठरवलेला असे. तो बोलता बोलता कुणाच्या तोंडी आला, की चष्मा-मिशी लावलेलं खेळण्यातलं बदक शंभर डॉलर घेऊन वरून खाली येई. त्या आशेने माणसं जास्त बोलत, ही या युक्तीतली खुबी! आणि कुणी सगळंच हरलं, तर जनरल ग्रँटच्या समाधीत कोण पुरलंय, असला प्रश्न विचारून त्याला थोडेफार पैसे देऊनच पाठवायचं. रिकाम्या हाताने कुणी जाऊ नये, ही त्यामागची भावना मला फार आवडते.

आता पडद्यामागचं. स्पर्धकांच्या मुलाखती कार्यक्रमाची माणसं आधीच घेत आणि त्यांतून धागे काढून ठेवत. ग्राउचो स्वतः मात्र त्यांना आधी भेटत नसे. लेखक होते, पण श्रेयनामावलीत त्यांना लेखक म्हटलं जात नसे. त्यांनी काढलेली वाक्यं फक्त ग्राउचोला दिसतील अशा जागी प्रक्षेपकाने दाखवली जात. बोलणं तासाभराचं व्हायचं, प्रसारण अर्ध्या तासाचं. उरलेलं दिग्दर्शक रॉबर्ट ड्वान आणि त्याचे सहकारी कापून टाकत. चूक, लांबण, चावट शेरा, सगळं गळायचं. त्या काळी टीव्हीवर बरंच काही थेट प्रक्षेपित होत असताना हा कार्यक्रम फिल्मवर घेतला जाई, तो याचसाठी. एवढं कळल्यावर ग्राउचोबद्दलचा आदर मला उलट वाढलेला दिसतो. पुढे लिहून ठेवलेलं वाक्य असूनही समोरच्या बाईच्या उत्तरातून त्याहून चांगलं काही निघालं, की तो ते पकडायचा. त्यासाठी कान शाबूत लागतो. निवेदक जॉर्ज फेनमन त्याची सगळी थट्टा हसत झेलायचा. तो नसता तर निम्मी रंगत गेली असती.

टीव्हीसाठी पुन्हा ती रंगवलेली मिशी लावायचा आग्रह झाला, तेव्हा त्याने साफ नकार दिला आणि स्वतःची मिशी वाढवली. समोर शिक्षिका, गवंडी, नवविवाहित जोडपी उभी असताना आपण सोंगात बसणं त्याला पटलं नसावं. याच मंचावर लेखक रे ब्रॅडबरी येऊन गेला, विनोदी कलाकार फिलिस डिलर नावाजण्याआधी येऊन गेली. विल्यम पीटर ब्लॅटी तर १९६१ मध्ये इथे जिंकलेल्या पैशांच्या जोरावर नोकरी सोडून लेखनाला बसला. ‘द एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी त्याची.

या काळातला एक डाग मात्र सांगायला हवा. कार्यक्रमाचा संगीतकार जेरी फील्डिंग याला १९५३ मध्ये, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे जावं लागल्यानंतर, प्रायोजकांच्या दबावाखाली काढून टाकण्यात आलं. सत्तेची टर उडवणारा ‘डक सूप’ सारखा चित्रपट ज्याने केला, तो ग्राउचो त्या वेळी गप्प बसला. पुढे १९७६ च्या आपल्या पुस्तकात त्याने हा आपल्या आयुष्यातला मोठा पश्चात्ताप असल्याचं लिहिलं. कबुली प्रामाणिक होती, पण तोवर वीसेक वर्षं उलटली होती.

१ ऑक्टोबर १९६२ ला जॉनी कार्सनने रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम ‘टुनाइट शो’ हाती घेतला, तेव्हा प्रेक्षकांशी त्याची ओळख करून दिली ग्राउचोनेच. पुढे १९७४ मध्ये ग्राउचोला मानद ऑस्कर मिळालं. सत्तरीच्या दशकात ‘यू बेट युवर लाइफ’ दाखवणारी एनबीसी वाहिनी आपल्या गोदामातल्या त्याच्या जुन्या फिल्म नष्ट करत होती. ग्राउचोला त्या हव्यात का, असं विचारणारा फोन त्याच्या घरी आला तेव्हा त्याचा नातू तिथे होता. होकार गेला, आणि डब्यांच्या राशीच्या राशी घरी येऊन पडल्या. त्यांतले भाग लॉस एंजेलिसच्या एका वाहिनीने रात्री उशिरा पुन्हा दाखवायला सुरुवात केली. ते इतके पाहिले गेले की इतर शहरांतूनही मागणी आली. ग्राउचो १९ ऑगस्ट १९७७ ला गेला, त्याआधी त्याला हे सगळं पाहायला मिळालं.

पुढच्या आठवड्यात : ल्युसिल बॉल आणि तीन कॅमेऱ्यांचा प्रयोग.