कोपऱ्यातला गडी

बार्शीटाकळीत कबड्डीची निवड चाचणी असली की मैदानावर आधी येतो वजनकाटा. मग फक्कीची गोणी, मग गडी, आणि चहा झाल्यावर निवड समिती. खुल्या गटात पुरुषांना 85 किलोची मर्यादा असते. इकडच्या पोरांना तिची भीती नाही. कपाशी-सोयाबीनच्या शेतात राबणारी ही पोरं पासष्टच्या पुढे क्वचित जातात. उलट काट्याकडे येण्याआधी नळावर जाऊन घटाघटा पाणी पिणारेही दिसतात. अंगाने भरलेला गडी पकडीत बरा, असं समितीला वाटेल ही त्यांची आशा.

तोवर दोघे जण दोरी ताणून पटांगण आखत असतात. लांबी 13 मीटर, रुंदी 10 मीटर. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एका मीटरवर बोनस रेषा. काळ्या मातीवर मुरूम टाकून आदल्या संध्याकाळी पाणी मारलेलं असतं, तरी दोन सामने होईपर्यंत बोनस रेषा पुसटते आणि तिच्यावरून वाद सुरू होतात. अकोल्याचं शहर इथून वीसेक किलोमीटर. तिथल्या जिल्हा चाचणीत मॅट असते, इथे माती. तालुक्यातून निवडलेले गडी आधी तिथे जातात, जिल्ह्याच्या संघात बसले तर पुढे विदर्भ. राष्ट्रीय अजिंक्यपदाला विदर्भाचा संघ महाराष्ट्रापेक्षा वेगळा उतरतो, म्हणून इथल्या पोराच्या डोक्यात विदर्भाची जर्सी असते.

चाचणी म्हणजे सामनेच. वेगवेगळ्या मंडळांची पोरं सरमिसळ करून सात-सातचे संघ पाडायचे आणि खेळवायचे. समितीतले दोघे खुर्चीवर बसतात, मांडीवर वही. तिसरे, एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सबंध दिवस मागच्या रेषेपलीकडे उभे. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि खेळ वेगळाच दिसायला लागला. बाजूने बघताना नजर चढाई करणाऱ्यावर खिळते. मागून बघितलं की सात जणांच्या टाचा दिसतात. कोण टाचेवर वजन टाकून उभा आहे, कोण चवड्यावर, चढाईपटू उजवीकडे झुकला की डावा कोपरा किती पुढे सरकतो, साखळीतला हात कोण आधी सोडतो.

त्या दिवशी लोकांचा लाडका होता पिवळ्या बनियनमधला एक चढाईपटू. उंच, लांब पायाचा. बोनस घ्यायचा, परत येताना पाय मागे फेकून एखादा गडी टिपायचा, आणि मध्यरेषेवर येऊन मांडीवर थाप. भिंतीवर बसलेली पोरं शिट्ट्या मारत होती. गुणपत्रकात त्याच्या नावापुढे रेघाच रेघा.

सरांनी मला कोपरानं ढोसलं. "थो पिवळा सोड. थ्या काया पोट्ट्याकडे पाय. लेफ्ट कॉर्नर."

तो काहीच करत नव्हता, निदान मला तरी तसंच वाटलं. मग एक चढाई पूर्ण त्याच्यावरच नजर ठेवून पाहिली. चढाईपटू त्याच्या बाजूला आला. हा अर्धं पाऊल पुढे झाला, हात खाली, घोट्याच्या उंचीला. बस. चढाईपटूने दिशा बदलली आणि उजवीकडे वळला, तिथे कव्हरवाल्याने कंबर धरली, बाकीचे तुटून पडले. गुण कव्हरच्या नावे. पुढच्या दोन-तीन चढायांतही तेच. त्याच्या बाजूला कोणी फिरकतच नव्हतं, आणि फिरकलं नाही याची नोंद करायला गुणपत्रकात रकाना नसतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये या अडचणीवर बराच विचार झालेला आहे. तिथल्या व्यावसायिक लीगमधल्या उत्तम खेळाडूंची निवड म्हणजे प्रो बोल. या नावाचा पहिला सामना जानेवारी 1951 मध्ये लॉस एंजेलिसला झाला. पुढे कित्येक वर्षं तो हवाईत व्हायचा. खेळाडू एकमेकांना लागू नये म्हणून इतके जपून खेळायला लागले की अखेर खऱ्या धडकांचा सामनाच बंद करावा लागला. 2023 पासून तिथे कमरेला लावलेली पट्टी ओढायचा फ्लॅग फुटबॉल खेळतात. खेळ गेला, निवड मात्र राहिली, आणि तिचा मान अजून आहे. ती होते तीन मतांवर: प्रेक्षक, खेळाडू आणि प्रशिक्षक, प्रत्येकाचं वजन एक तृतीयांश. प्रेक्षकांना त्यात 1995 पासून स्थान मिळालं. खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना आपल्याच संघातल्या गड्याला मत देता येत नाही, ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली अट.

जो थॉमस नावाचा एक गडी होता, क्लीव्हलंड ब्राउन्सचा. त्याचं काम डाव्या टोकाला उभं राहून चेंडू फेकणाऱ्याच्या अंगावर येणाऱ्याला थोपवायचं. चेंडूला हात लावायचा नाही, धाव नाही, गुण नाही. लागोपाठ 10,363 डाव तो मैदानाबाहेर गेला नाही. त्याच्या काळात त्याचा संघ एकदाही बाद फेरीत पोचला नाही. तरी कारकिर्दीच्या पहिल्या 10 हंगामांत, 10 वेळा, त्याची प्रो बोलसाठी निवड झाली. चेंडूमागे धावणाऱ्या नजरेला असा गडी सहसा दिसत नाही. समोर उभं राहून ज्यांना त्याच्याशी भिडावं लागलं, त्यांना तो विसरता आला नाही.

आपल्याकडे बाजाराला हे थोडंफार उमगलं आहे. 2014 ला सुरू झालेल्या प्रो कबड्डीत 2018 च्या लिलावात यू मुम्बाने इराणच्या फजल अत्राचलीला 1 कोटी मोजले. तोही डाव्या कोपऱ्याचा. पण टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवतात त्या चढायाच, आणि तालुक्याच्या भिंतीवर बसणारी पोरं टीव्ही बघूनच शिट्टी कुठे मारायची ते शिकतात.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सरांनी एकेक चढाईपटू कडुलिंबाखाली बाजूला घेतला. प्रश्न एकच. "कोन्या कोपऱ्यावर चढाई नको वाटते तुले? आपल्या मंडळाचा सोडून सांग." पोरं आधी हसली. मग जवळजवळ सगळ्यांनी त्याच काळ्या पोराकडे बोट केलं. पिवळ्या बनियनवाल्यानेही. "थो पायच घेते सर, सुटूच देत नाई," असं म्हणत त्याने घोट्यावरचा ओरखडा दाखवला. अमेरिकेतली ती अट सरांना कोणी सांगितलेली नव्हती. त्यांचं म्हणणं साधं: आपल्या मंडळाच्या पोराची तारीफ सगळेच करतात, तिला काय अर्थ.

इथे निवडीला नुसता मान नाही, पोटाचा प्रश्नही चिकटलेला असतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र वरच्या पातळीवरचं हवं आणि ते क्रीडा विभागाच्या पडताळणीतून जावं लागतं. तालुक्याच्या यादीत नाव आल्याने काही मिळत नाही. तिथे नाव आलं नाही तर मात्र पुढची सगळी दारं बंद. म्हणून यादी वाचली की भांडण ठरलेलं.

तसंच झालं. सायंकाळी नावं वाचली. पिवळा होता, तो असणारच होता, त्याच्या चढाया खोट्या नव्हत्या. डाव्या कोपऱ्याला त्या काळ्या पोराचं नाव आलं आणि एक काका ताडकन उठले. "आमच्या पोट्ट्यानं चार पकडी केल्या. यानं किती केल्या? एक! मंग काहून घेतलं याले?"

"याच्या बाजूनं कोनी आलंच नाई, काका," सर म्हणाले. "तुमच्या पोराच्या बाजूनं सगळे आले. चार धरले, नऊ सुटले. मी मोजत होतो."

काकांचं समाधान झालं नाही. ते समितीतल्या दुसऱ्या दोघांकडे गेले, आणि तिथे आवाज बराच वेळ चढत राहिला. मला वाटतं त्या दोघांनाही सरांची निवड पूर्ण पटली नव्हती. त्यांच्या वहीतही एकच रेघ होती.

काळा पोरगा एवढ्यात आमच्याजवळ येऊन उभा राहिला. दिवसभर अनवाणी खेळलेला, पोटऱ्यांपर्यंत मुरूम.

"सर, अकोल्याले मॅट हाय म्हन्ते. बूट लागतीन का?"

"लागतीन. कितीचा पाय तुया?"

"आठ."

सरांनी पिवळ्या बनियनवाल्याला हाक मारली आणि त्याच्या बुटाचा नंबर विचारला.